तळ्यातला सायप्रिनस आणि पिसाची माशी : एका दाव्याचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरात गळाने मासे धरणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरत आहे. त्याचा आशय असा : फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसे आणि धागा बांधून केलेल्या कृत्रिम माशीने मासा धरणे, हे थंड देशांतल्या वाहत्या झऱ्यांतील ट्राउट माशापुरतेच खरे आहे, आपल्या तळ्यांतले कार्प (रोहू, कटला, सायप्रिनस यांच्या कुळातले मासे) चिखल आणि शेवाळ खातात, त्यांना कणकेच्या गोळीखेरीज काही लागत नाही, चुकून लागलाच तर मोठा मासा दोरा तोडून जातो, हा परदेशी श्रीमंतांचा नाद आहे, आणि धरून सोडलेला मासा तसाही मरतोच. हा मजकूर पाठवणाऱ्यांत वर्षानुवर्षे तळ्यावर बसलेली अनुभवी माणसेही आहेत, म्हणूनच त्याला मुद्द्यागणिक उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

कार्प चिखल खातो, हा समज कोठून आला असावा हे सहज समजते. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, तळाशी तोंड खुपसतो, गाळ ओढून घेतो आणि पाण्यात मातीचा ढग उठवतो. परंतु तो गाळ गिळत नाही. नळीसारखे पुढे येणारे तोंड आणि ओठांजवळच्या मिशांच्या दोन जोड्या यांच्या मदतीने तो गाळातले खाद्य चाचपून निवडतो आणि उरलेली माती बाहेर टाकतो. हे खाद्य म्हणजे मुख्यतः गाळात राहणाऱ्या तांबड्या अळ्या, चतुराची पिल्ले, गांडुळे, लहान गोगलगाई आणि त्यांच्या जोडीला काही बिया. मासा साफ करताना आतड्यात करड्या रंगाचा लगदाच दिसतो हे खरे आहे, पण त्याचे कारण वेगळे आहे. कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तेथे खाद्य चिरडले जाते, आणि त्याला जठर नसल्यामुळे हा चुरा थेट आतड्यात उतरतो. जो लगदा पाहून आपण त्याला चिखलखाऊ ठरवले, तो बऱ्याच अंशी किड्यांचाच असतो. ज्याचे निम्मे आयुष्य अळ्या शोधण्यात जाते, त्याला अळीसारखी दिसणारी वस्तू लागणार नाही असे म्हणण्यास काहीच आधार उरत नाही.

मजकुराची दुसरी चूक अशी की तो सगळ्या कार्पना एकाच मापाने मोजतो. कटल्याचे तोंड वर वळलेले असते आणि तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव टिपतो; रोहू मधल्या थरात चरतो; मृगळ तळाशी राहतो आणि कुजलेला पालापाचोळा अधिक खातो; गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, पाणवनस्पतींवर जगतो. चंदेरी कार्प तर कल्ल्यांतल्या गाळणीने पाण्यातले सूक्ष्म शेवाळ गाळून घेतो, आणि त्याच्याबाबतीत मजकुराचे म्हणणे मला मान्य आहे : माशीमागे लागून त्याच्यासाठी दिवस घालवू नये. कटलाही क्वचितच लागतो. सायप्रिनसची गोष्ट मात्र निराळी आहे. हा मासा मुळात आपला नव्हे. १९३९ साली तो श्रीलंकेतून निलगिरीत आणला गेला आणि १९५७ साली बँकॉकहून त्याची दुसरी जात कटकला आली. तो साचलेल्या पाण्यातही स्वतःहून अंडी घालतो, म्हणून एकदा सोडला की तळ्यात टिकून राहतो. माशीने धरण्यासाठी आपल्या भागात सर्वांत योग्य मासा हाच आहे.

कणकेची गोळी लागते हे खरे आहे, पण ती वासावर आणि चवीवर लागते. माशीला वास नसतो, त्यामुळे ती नजरेवर लागावी लागते, आणि कार्पची नजर चांगली असते; त्याला रंगही ओळखता येतात. त्याहून तीव्र असतो त्याचा कान. वाताशयापासून, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीपासून, कानापर्यंत लहान हाडांची साखळी असल्यामुळे काठावर आपटलेला पायही त्याला कळतो. बहुतेकांची माशी वाया जाते ती या दोन गोष्टी विसरल्यामुळे. गोळी टाकून वाट पाहत बसण्याच्या सवयीने ते माशी कोठेही टाकतात आणि थांबतात. येथे आधी मासा शोधावा लागतो. उथळ पाण्यात बुडबुड्यांची रांग सरकताना दिसते, कधी शेपटीचे टोक पाण्याबाहेर येते. मासा डोके खाली करून चरतो आहे याची ती खूण. अशा माशाच्या थोडे पलीकडे माशी टाकून ती हलकेच ओढत त्याच्या तोंडापुढे आणायची आणि तेथे बुडू द्यायची. डोक्यावर पडली तर मासा पळतो आणि शेपटीमागे पडली तर त्याला दिसतच नाही. त्याने ती तोंडात घेतली तरी हाताला झटका जाणवत नाही, कारण खोटे खाद्य तो क्षणात थुंकून टाकतो. म्हणून दोऱ्यापेक्षा माशाकडे पाहावे, आणि त्याचे डोके किंचित वळले किंवा तो थबकला की काठी उचलावी. बेळगावच्या दक्षिणेकडील एका गावतळ्यावर मी पहिले कितीतरी दिवस केवळ झटक्याची वाट पाहण्यात घालवले. नजर दोऱ्यावरून माशावर नेली, त्या सकाळीच पहिला सायप्रिनस लागला.

वाहत्या थंड पाण्याचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. या पद्धतीत माशीला वजन नसते. जड दोऱ्याच्या वजनावर ती फेकली जाते, आणि या क्रियेला प्रवाहाची गरज नसते. हिमालयातल्या नद्यांत महसीर माशीवर धरला जातो आणि तो कार्पच्याच कुळातला आहे. अमेरिकेत तर तळ्यांतल्या आणि धरणांतल्या सायप्रिनसमागे माशी घेऊन फिरणारे पुष्कळ लोक आहेत. काठावरच्या तुतीची फळे पाण्यात पडू लागली की ते फळासारखीच माशी बांधतात. आमच्या तळ्यांवर उंबर आणि जांभूळ आहेत. अडचण असते ती गढूळपणाची : आषाढापासून तांबड्या मातीचे पाणी तळ्यात उतरते आणि मासा दिसेनासा होतो. त्या दिवसांत गोळीच बरी. दिवाळीनंतर पाणी निवळले की माशीचे दिवस सुरू होतात.

मोठा मासा दोरा तोडतो, तो बहुधा दोरा घट्ट धरून ठेवल्यामुळे. लवचीक काठी वाकते, रिळातून दोरा सुटत जातो आणि मासा स्वतःच दमतो. आठ क्रमांकाची काठी सायप्रिनसला पुरते; हा क्रमांक काठीला पेलणाऱ्या दोऱ्याच्या वजनाचा असतो.

परदेशी नाद म्हणणाऱ्यांना एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, म्हणजे जुने कल्याण, ही ज्याची राजधानी होती, त्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मत्स्यविनोदाचा स्वतंत्र भाग लिहिला आणि त्यात गळाने मासे धरण्याची करमणूक सविस्तर वर्णन केली. पिसाची माशी त्यात नाही, परंतु केवळ आनंदासाठी गळ टाकणे या भूमीला नवे नाही. खर्चाचे म्हणाल, तर काठी आणि रीळ विकत घ्यावे लागते हे खरे; माशी मात्र कोंबड्याच्या मानेचे पीस, लोकरीचा तुकडा आणि शहापूर-वडगावच्या मागांवर उरलेला जरीचा धागा एवढ्यावर घरी बांधून होते. तांबड्या लोकरीची बारीक अळी मला सर्वांत भरवशाची वाटते.

शेवटचा मुद्दा, सोडलेला मासा मरतो हा, सगळ्यांत गंभीर आहे आणि तो अर्धा खरा आहे. कोरड्या हातांनी धरलेला, मातीवर लोळवलेला किंवा छायाचित्रासाठी बराच वेळ उचलून ठेवलेला मासा खरोखरच मरू शकतो. उलटा काटा पकडीने दाबून टाकलेला गळ, ओले हात आणि पाण्यातच ठेवलेली जाळी एवढे पाळले तर सायप्रिनससारखा चिवट मासा सहसा तगून जातो. यात पाण्याच्या तापमानाचाही विचार करावा लागतो. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे तो आणखी थोडा कमी भरतो. दाट हिरव्या पाण्याच्या तळ्यात तर पहाटे तो सर्वांत कमी असतो, कारण शेवाळ रात्रभर तो वापरत राहते. म्हणून एप्रिल-मेमध्ये मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर त्या दिवशी काठी बाहेर काढू नये. तळे ठेक्याने दिलेले असेल तर ठेकेदाराची परवानगी आधी घ्यावी, आणि मासा सोडायचा की त्याच्या हवाली करायचा हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.