‘१८-३०० घ्या, बाकीच्या विका’ हा सल्ला मला का पटत नाही

गणपती झाले, दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की फोटो काढणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला हमखास फिरू लागतो. थोडक्यात तो असा: प्रवासाला १८-३०० मिमीची (१८ ला दृश्य रुंद, ३०० ला लांबचं जवळ) एकच झूम लेन्स घ्या, बाकीच्या विकून टाका. तिच्यात सगळं येतं. अंधाराचं आता काही वाटून घ्यायला नको, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, ती वाढवली की फोटोत दाणे उठतात) आणि स्टॅबिलायझेशन (थरथर सावरणारी यंत्रणा) बघून घेतात. लेन्स बदलली की सेन्सरवर धूळ बसते. एक लेन्स म्हणजे ओझं कमी. आणि फारच वाइड, म्हणजे रुंद दृश्य, हवं असेल तर खिशात फोन आहेच.

चार वर्षं मी हेच केलं. नुसती १८-३०० घेऊन फिरलो, म्हणून या सल्ल्यात खरं किती आहे ते मला ठाऊक आहे आणि नवीन कॅमेरा घेतलेल्याचं त्यात काय नुकसान होतं तेही. (ही लेन्स एपीएस-सी, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीहून लहान, सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी असते, म्हणून पुढचं सगळं त्याच कॅमेऱ्यांबद्दल.)

अंधारापासून सुरुवात करतो, कारण सल्ल्यातला सगळ्यात कच्चा मुद्दा तोच आहे. आपल्याकडे प्रवास म्हणजे लेणी, देवळांचे गाभारे, वाड्यांच्या माजघरातला उजेड, पहाटेचे घाट. अजिंठ्याला फ्लॅशला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभं राहून १८-३०० लेन्स ३५ मिमीवर आणली, की तिचं ॲपर्चर (प्रकाश आत घेणारं भोक; एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं) साधारण एफ/४.५ च्या पुढे उघडत नाही. त्याच जागी ३५ मिमी एफ/१.८ ची साधी प्राइम (झूम न होणारी लेन्स) लावली तर सहापट प्रकाश आत येतो. प्राइमवर जो फोटो १६०० आयएसओला मिळतो, त्याच्यासाठी झूमला १०,००० च्या घरात जावं लागतं. आजच्या सेन्सरवर १०,००० ला फोटो येतो, हे मान्य. पण त्या चित्रात आपण बघायला काय गेलेलो असतो? चेहऱ्यावरच्या रंगछटा एकमेकींत कशा मिसळल्यात ते, मुकुटावरचं बारीक काम. फोटोत दाणे उठले की कॅमेरा ते पुसायला जातो, आणि दाण्यांबरोबर हे बारकावेही पुसले जातात.

स्टॅबिलायझेशनबद्दल तर मोठा गैरसमज आहे. ते फक्त आपल्या हाताची थरथर सावरतं. समोरचा माणूस हलला तर त्याचा काही उपयोग नाही. वारीत हे मला एकाच दिवसात कळलं. दुपारी गोल रिंगण होतं. अश्व एका क्षणी लांब, दुसऱ्या क्षणी अगदी पुढ्यात, गर्दीत कोपर हलवायला जागा नाही. तिथे १८-३०० सारखी लेन्स नाही, हे मी आजही सांगेन. संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर एका बल्बच्या उजेडात कीर्तन सुरू झालं. टाळकऱ्यांचे हात सतत हलते, त्यांना स्थिर पकडायला निदान १/१२५ सेकंदाचा शटर हवा. चेहरे जवळ घ्यायला झूम ७० मिमीच्या पुढे नेली तर ॲपर्चर एफ/५.६ वर आलेलं. त्या रात्रीचा एकही फोटो मी कोणाला दाखवलेला नाही.

आता ‘सगळं येतं’. वेरूळचं कैलास लेणं घ्या. डोंगर वरून खाली कोरत नेऊन बनवलेलं देऊळ, भोवती उभे कातळ, मागचा कडा सुमारे ३० मीटरचा. खाली अंगणात उभे राहिलात की मागे सरकायला जागाच नाही, पाठ कातळाला टेकते. १८ मिमीला अशा कॅमेऱ्यावर साधारण ७६ अंशांचा कोन मिळतो. एका फ्रेममध्ये ध्वजस्तंभ तरी घ्या नाहीतर शिखर तरी. १० मिमीची वाइड लेन्स १०९ अंशांपर्यंत जाते, आणि या देवळाचं खरं आश्चर्य, म्हणजे खड्ड्यात उभं असलेलं अखंड देऊळ, तेव्हा कुठे फोटोत उतरतं. फोनचा वाइड कॅमेरा भर उन्हात अंगणात चांगलं काम करतो, त्याला मी नावं ठेवत नाही. पण सावलीतल्या ओवऱ्यांमध्ये त्याच्या इवल्या सेन्सरला प्रकाश पुरत नाही आणि कोरीव काम चिखलासारखं दिसतं. पॅनोरमा काढला तर सरळ कातळ वाकतो आणि चालती माणसं अर्धी कापली जातात. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध सुमारे ७ मीटर लांब, समोर खांबांची रांग. तिथे वाइडही हवी आणि प्रकाशही हवा.

दुसऱ्या टोकाचे ३०० मिमीसुद्धा दिसतात तेवढे नसतात. अशा बहुतेक लेन्सना दूरच्या वस्तूवर पूर्ण ३०० मिळतात, पण हातभर अंतरावरच्या फुलावर फोकस केला की त्यांचा कोन त्याहून बराच रुंद होतो. कासला फूल जवळ दिसेना म्हणून आपल्या लेन्समध्येच काही बिघाड आहे असं मला वाटायचं. बिघाड नव्हता, या लेन्सची रचनाच तशी असते. भिगवणला होडीतून रोहित (फ्लेमिंगो) पक्षी टिपताना ३०० ठीक, लहान पक्ष्यांना तेही पुरत नाहीत. आणि एप्रिल-मेच्या धुरकट हवेत दोन दऱ्यांपलीकडचा किल्ला ३०० मिमीने ओढून घेतला, तर आधी दिसते ती तापलेली हवाच.

धुळीचा मुद्दा मात्र निम्मा खरा आहे. लेन्स बदलताना धूळ आत जाते. पण १८-३०० झूम केली की तिची नळी बरीच पुढे येते, परत मिटते, आणि दरवेळी बाहेरची हवा आत ओढते. पावसात ओल्या नळीसकट मिटली तर ओलही आत. लेन्स बदलताना कॅमेरा बंद करावा, तोंड जमिनीकडे ठेवावं, दुसरी लेन्स हातात तयार असावी, घरी ब्लोअर मारावा. एवढं केलं की बहुतेक वेळा भागतं. तरीही बसलेला कण आभाळाच्या फोटोत एफ/१६ ला दिसतो, एफ/१.८ ला सहसा दिसत नाही. कोकणात आणि मुंबईत काचांचा खरा शत्रू बुरशी आहे. पावसाळाभर चेनच्या बॅगेत कोंडलेली एकुलती एक लेन्स मी बुरशीने गेलेली पाहिली आहे. हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि लेन्सचा नियमित वापर, याची चर्चा गटांत धुळीच्या निम्म्यानेही होत नाही.

ओझ्याचं गणित सोपं आहे. निकॉनची १८-३०० एफ/३.५-६.३ ही ५५० ग्रॅमची. १८-१४० आहे ४९० ग्रॅम, ३५ मिमी एफ/१.८ आहे २०० ग्रॅम. फरक १४० ग्रॅमचा. १०-२० ची वाइड आणखी २३० ग्रॅम. पाण्याची एक लिटरची बाटली याहून जड असते.

म्हणून कोणी विचारलं तर मी सांगतो: रोजच्या फिरण्याला १८-१३५ किंवा १८-१४० ची झूम, सोबत एक छोटी प्राइम. तिसरी लेन्स जागा बघून ठरवायची, लेण्यांना वाइड, पक्ष्यांना टेली (लांबचं जवळ आणणारी). आणि घेण्याआधी मागच्या दोन सहलींचे फोटो संगणकावर उघडून प्रत्येकाची फोकल लेंथ, म्हणजे तो किती मिमीला काढला, बघायची. माझे बहुतेक फोटो १८ ते ७० मधले निघाले.

१८-३०० आधीच घेतली असेल तर ती विकू नका. रिंगणात, जत्रेत, लहान मुलाला कडेवर घेऊन फिरताना ती उपयोगी पडते. तिच्या जोडीला एक प्राइम तेवढी घ्या. निकॉनवाल्यांना ३५ मिमी एफ/१.८ आहे. कॅननच्या डीएसएलआरवाल्यांची जरा अडचण आहे. स्वस्तातली ५० मिमी एफ/१.८ प्रकाश भरपूर घेते, पण त्यांच्या सेन्सरवर ती ८० मिमीसारखी दिसते आणि गाभाऱ्यात मागे सरायला जागा नसते. २४ मिमी एफ/२.८ जेमतेम १२५ ग्रॅमची आहे, पण तिथे झूमपेक्षा प्रकाश दुप्पटच मिळतो. माणसांचे चेहरे जास्त टिपत असाल तर ५० घ्या, देवळं आणि वाडे जास्त असतील तर २४.