आधी मजुरी, मग कोनशिला

ऑक्सफर्डच्या हाय स्ट्रीटवर ओरियल कॉलेजची एक इमारत आहे. तिच्या दर्शनी भिंतीत, अगदी वर, सेसिल ऱ्होड्सचा दगडी पुतळा उभा आहे. १९११ साली पुरी झालेली ही इमारत त्याच्याच पैशातली. मृत्युपत्रात त्यानं आपल्या या कॉलेजला १ लाख पौंड ठेवले होते. हा पुतळा राहावा की जावा, यावरून गेली दहा वर्षं इथं मोर्चे निघतात, सभा होतात, माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात. मी कोरेगाव तालुक्यातली. या वादाचं काहीही वाचलं की मला आमच्या गावचा वाद आठवतो.

आमच्या शाळेच्या नव्या इमारतीसाठी गावातल्याच एका बड्या असामीनं देणगी देऊ केली आहे. बाहेर जाऊन बांधकामाच्या धंद्यात त्यांनी पैसा कमावला. अट एकच, इमारतीला त्यांच्या वडिलांचं नाव लागलं पाहिजे. त्यांच्या साइटवर राबलेल्या आमच्याच भागातल्या गड्यांची आणि बायांची मजुरी थकलेली आहे, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तरी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर बहुतेकांचं म्हणणं असं, की पैसा कुठनं आला ते आपण कशाला बघायचं, पोरांच्या डोक्यावर छप्पर तर येतंय. मला हे अजिबात पटत नाही.

ऱ्होड्स कोण होता ते आधी सांगते. १८५३ साली इंग्लंडमधल्या एका पाद्र्याच्या घरात जन्मलेला हा मुलगा सतराव्या वर्षी आफ्रिकेत भावाच्या कापसाच्या शेतावर गेला. कापसात काही हाती लागलं नाही. १८७१ मध्ये तो किंबर्लीच्या हिऱ्याच्या खाणींवर पोचला. खाणीत साचलेलं पाणी उपसायचे पंप भाड्यानं देऊन त्यानं पैसा केला आणि त्या पैशातून शेजारच्यांचे खाणपट्टे एकेक करून विकत घेतले. १८८८ मध्ये डी बिअर्स ही एकत्रित कंपनी उभी राहिली. पुढच्या काही वर्षांत जगातल्या हिऱ्यांच्या उत्पादनाचा सुमारे ९० टक्के हिस्सा तिच्या मुठीत होता. मधल्या काळात तो जहाजानं ये-जा करत ऑक्सफर्डला शिकला आणि १८८१ मध्ये पदवीधर झाला. जिद्द होती, हे मी नाकारत नाही.

पण त्या खाणीत उतरत कोण होतं? कृष्णवर्णीय मजुरांना कुंपण घातलेल्या आवारात कोंडून ठेवलं जाई. कंत्राट संपेपर्यंत बाहेर पडायची बंदी, आणि बाहेर पडताना कपडे उतरवून अंगाची झडती. १८९० मध्ये ऱ्होड्स केप कॉलनीचा, म्हणजे आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिश वसाहतीचा, पंतप्रधान झाला. १८९२ च्या कायद्यानं मतदानासाठी लागणारी मालमत्तेची अट २५ पौंडांवरून ७५ पौंडांवर गेली, म्हणजे आफ्रिकी शेतकऱ्यांची मतं आपोआप गळाली. १८९४ च्या ग्लेन ग्रे कायद्यानं एका कुटुंबाला एकच जमिनीचा तुकडा ठरवला आणि तो थोरल्या मुलाकडेच जायचा. धाकट्यांनी काय करायचं? गोऱ्यांच्या कामावर जायचं. जे जाणार नाहीत त्यांच्यावर १० शिलिंगांचा कर. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला या कायद्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. माणूस जमिनीवरून उठला की तो मिळेल त्या मजुरीला तयार होतो, हे ऱ्होड्सला पक्कं ठाऊक होतं.

उत्तरेकडचा मुलूख त्याच्या कंपनीनं राजा लोबेंगुलाकडून आधी करारावर निशाणी घेऊन आणि १८९३ मध्ये मॅक्सिम मशीनगनांनी घेतला, आणि त्या देशाला ऱ्होड्सचंच नाव लागलं, ऱ्होडेशिया. आजचा झिंबाब्वे तो. १८९५ च्या अखेरीस शेजारच्या ट्रान्सवालवर घातलेली चढाई फसली, तेव्हा त्याचं पंतप्रधानपद गेलं. १९०२ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो वारला.

आणि मग मृत्युपत्र उघडलं. त्यातून ऱ्होड्स शिष्यवृत्ती निघाली, जी आज जगातल्या सर्वांत मानाच्या शिष्यवृत्त्यांपैकी एक आहे. १९७७ पर्यंत ती मुलींना मिळत नव्हती. भारतातल्या मुलांना १९४७ पासून मिळते. माँटेकसिंग अहलुवालिया तिच्यावरच इथं शिकले. २००२ मध्ये नेल्सन मंडेलांनी स्वतःचं नाव ऱ्होड्सच्या नावाशेजारी ठेवून आफ्रिकी तरुणांसाठी एक प्रतिष्ठान सुरू केलं. पुतळ्याच्या बाजूनं बोलणारे हा दाखला हमखास देतात, आणि तो साधा नाही. मंडेलांसारख्या माणसानं जे केलं त्यावर मी घाईनं बोट ठेवणार नाही. मला त्यात एवढंच दिसतं, की किंबर्लीतून गेलेला पैसा थोडा तरी किंबर्लीच्या नातवंडांकडे परत आला. पैसा परत यावाच. शिष्यवृत्ती बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही.

पुतळ्याची गोष्ट निराळी. केपटाउन विद्यापीठ ऱ्होड्सनंच मागे ठेवलेल्या जमिनीवर उभं आहे, तरी तिथल्या विद्यार्थ्यांनी महिनाभर लढून ९ एप्रिल २०१५ रोजी त्याचा पुतळा हलवायला लावला. विद्यापीठ त्यामुळे बंद पडलं नाही. ओरियलनं मात्र २०२१ मध्ये, स्वतःच नेमलेल्या चौकशी आयोगातल्या बहुसंख्यांचं मत पुतळा काढण्याकडे असूनही, खर्च आणि परवानग्यांचं कारण पुढं करून तो जागेवरच ठेवला आणि जवळ एक खुलाशाची पाटी लावली. मला हा निर्णय भ्याडपणाचा वाटतो.

घरच्या माणसांना वाटेल, ही गोऱ्यांची भांडणं, आपला काय संबंध. सांगलीच्या विश्रामबागेत १९१९ पासून विलिंग्डन कॉलेज आहे. मुंबई प्रांताच्या गव्हर्नराचं हे नाव. हाच विलिंग्डन पुढं व्हाइसरॉय झाला आणि १९३२ मध्ये त्यानं गांधीजींना तुरुंगात टाकून सविनय कायदेभंग चिरडला. ज्या मुलखात नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं, तिथं हे नाव शंभर वर्षं कुणाला टोचलं नाही. बदला असा माझा आग्रह नाही, पण एकदा लागलेलं नाव किती घट्ट चिकटतं ते यातून दिसतं. म्हणून विचार ते लागण्याआधी करायचा.

त्याच १९१९ साली कराडजवळच्या काले गावात कर्मवीर अण्णांनी रयत शिक्षण संस्था काढली. तिचा पैसा कुठून आला हे साताऱ्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. घरोघरच्या मुठीमुठीनं, मुष्टिफंडातून. रयतमाउली लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. साताऱ्याच्या कॉलेजला शिवाजी महाराजांचं दिलेलं नाव बदलण्यासाठी कुणी मोठी रक्कम देऊ केली आणि अण्णांनी ती साफ नाकारली, ही गोष्ट त्याच कॉलेजात शिकताना मी ऐकली. अण्णा पैशाला नको म्हणणारे नव्हते, देणगीसाठी ते दारोदार फिरले. पण कोणत्या अटीवर घ्यायचं नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आमच्या गावच्या देणगीदाराची मी ऱ्होड्सशी बरोबरी करत नाही, तो अन्याय होईल. त्यांच्या मनात गावाविषयी माया असेल, वडिलांविषयी तर नक्कीच असेल. पण ज्या बाईची सहा महिन्यांची मजुरी अडकली आहे, तिचीच नात त्या शाळेत बसणार आहे. तिच्या आजीच्या घामाचे पैसे भिंतीत आणि नाव दुसऱ्याच्या वडिलांचं, हे मला सहन होत नाही. देणगी ही देणं फेडल्यानंतरची गोष्ट आहे.

तेव्हा शाळा समितीला माझी विनंती आहे. बैठकीत कोनशिलेचा मजकूर ठरवण्याआधी थकलेल्या मजुरीची यादी मागवा आणि ती त्या मजुरांसमोर वाचा. यादीतला शेवटचा रुपया चुकता झाला, तर देणगी आनंदानं घ्या आणि नावाचा निर्णय ग्रामसभेत करा. ते मान्य नसेल, तर आपण बाहेर असलेले माजी विद्यार्थी दरवर्षी एका महिन्याचा पगार देऊ, एकेक खोली बांधू. माझा या वर्षीचा पगार मी द्यायला तयार आहे. ग्रुपवर आणखी कोण तयार आहे, त्यांनी बैठकीआधी नाव कळवावं.