केअर सेंटरमधल्या आत्याच्या बाजूने कोण?

पुण्याच्या उपनगरांत भाड्याच्या बंगल्यांमधून जी खाजगी केअर सेंटर्स निघाली आहेत, त्यांच्या माहितीपत्रकांवर चोवीस तास नर्स, घरगुती जेवण, संध्याकाळचे भजन असे सगळे छापलेले असते. आत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला काही खुपले तर त्याने ते कोणाला सांगायचे, एवढे मात्र कुठेही छापलेले नसते. छापणार तरी काय? तसा माणूसच कोणी नेमलेला नाही.

अशाच एका सेंटरमध्ये राहणाऱ्या माझ्या आत्याच्या दोन्ही मनगटांवर वळ होते. विचारल्यावर व्यवस्थापक शांतपणे म्हणाले, "अहो ताई, आजी रात्री डायपर ओढून काढतात, सगळी गादी खराब होते. रात्री अख्ख्या मजल्याला एकच मावशी असते, म्हणून हात बांधावे लागतात. त्यांच्या मुलाला विचारूनच करतो आम्ही." मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, न्यू जर्सीत राहतो आणि त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या निरोपाला अंगठ्याचे चिन्ह पाठवले होते, हीच ती परवानगी. कोणत्या डॉक्टरांनी सांगितले, किती वेळ बांधतात, मधे सोडतात का, त्याची नोंद कुठे आहे, यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. आत्या स्वतः "मला बांधू नका" असे स्वच्छ म्हणते. पण ती बोलू लागली की खुर्ची ओढून शेजारीच बसलेले व्यवस्थापक हसून सांगतात, "आजी विसरतात हो." तिला सकाळचा नाश्ता आठवत नसेल, मान्य; मनगटावरचा वळ काही तिच्या स्मरणशक्तीच्या भरवशावर उमटलेला नाही.

या सगळ्यात तिच्या बाजूने बोलू शकेल असा माणूस मी शोधू लागले तेव्हा लक्षात आले की आत येणारा प्रत्येक जण कोणाचा ना कोणाचा मिंधा आहे. तपासायला येणाऱ्या डॉक्टरांचे मानधन सेंटर देते. मावशी ब्युरोमार्फत आलेल्या असतात आणि ज्या मावशीने तोंड उघडले तिला दुसऱ्या दिवसापासून बोलावले जात नाही. प्रवेशाच्या अर्जावर, हमीपत्रावर आणि डिपॉझिटच्या पावतीवर नाव मुलाचे, त्यामुळे सेंटरच्या लेखी गिऱ्हाईक तो आहे आणि आत्या म्हणजे त्याने सांभाळायला ठेवलेली वस्तू. आतेभाऊ वाईट नाही, घाबरलेला आहे: तक्रार केली आणि त्यांनी "तुमच्या आईला घेऊन जा" म्हटले तर नेणार कुठे, हा त्याचा प्रश्न खराच आहे आणि सेंटरवाल्यांना तो पुरता ठाऊक आहे. मी भाची, "तुमचं नाव फॉर्मवर नाही ना, ताई," एवढ्या एका वाक्यात माझा निकाल लागतो.

मग सरकारी दारे. महापालिकेच्या आरोग्य विभागात सांगण्यात आले की हे रुग्णालय नाही, निवासी व्यवस्था आहे. समाजकल्याण कार्यालयात सांगण्यात आले की ही संस्था अनुदानित नाही, त्यामुळे आमच्याकडे येत नाही. पोलिसांनी नातेवाइकांची, म्हणजे पुन्हा मुलाचीच, तक्रार मागितली. राज्याच्या १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यातली व्याख्या यांच्यापैकी कोणी वाचली असेल असे मला वाटत नाही, कारण आजारी, जखमी किंवा दुर्बल झालेल्या व्यक्तींना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा केली जाते अशी कोणतीही जागा त्या व्याख्येत बसते आणि अशा जागेची नोंदणी व तपासणी हे स्थानिक प्राधिकरणाचेच काम आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना इंजेक्शने देणारा, नळीने भरवणारा बंगला शुश्रूषा करत नसेल तर दुसरे काय करतो?

ज्येष्ठांसाठीचा २००७ चा केंद्रीय कायदा तर सगळ्यांच्याच तोंडी असतो. त्यात ज्येष्ठाची बाजू मांडणारा निर्वाह अधिकारी आहे, पण न्यायाधिकरणापुढच्या निर्वाहाच्या दाव्यापुरता, म्हणजे मुलाकडून महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार रुपये मिळवण्यापुरता. शहरातल्या सेंटरचे महिन्याचे बिलच त्याहून मोठे असते. टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे, मात्र पैसे भरून ठेवलेल्या माणसाला कोणी टाकून दिलेले नसते. केअर होमची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि ती लोकसभा विसर्जित होईपर्यंत मंजूर झाले नाही. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, परंतु आत्याचा मोबाइल "हरवू नये म्हणून" कार्यालयातल्या कपाटात असतो.

सगळ्यात संताप येतो तो २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा वाचताना. रुग्णाला बांधायचे तर तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग उरलेला नसला पाहिजे, मानसोपचारतज्ज्ञांची संमती हवी, कारणासह नोंद हवी, रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवले पाहिजे, आणि कर्मचारी कमी आहेत एवढ्याच कारणाने बांधता येणार नाही, असे त्यात लिहिले आहे. मात्र आपण मानसिक आरोग्य आस्थापना नाहीच, असे सेंटर म्हणते. म्हणजे नोंदणीकृत मनोरुग्णालयात ज्या गोष्टीला मनाई आहे, ती गोष्ट भाड्याच्या बंगल्यात रात्रपाळीची मावशी ओढणीने करते आणि व्यवस्थापक ती मनुष्यबळाची अडचण म्हणून मला ऐकवतात!

ज्या अमेरिकेतून आतेभाऊ पैसे पाठवतो तिथे प्रत्येक राज्यात नर्सिंग होममधल्या रहिवाशांसाठी ओम्बड्समन, म्हणजे त्यांच्या तक्रारी ऐकून त्यांची बाजू मांडणारा अधिकारी, असतो, त्याचा फोन नंबर दर्शनी भागात लावणे संस्थेला बंधनकारक असते, त्याला रहिवाशाशी एकांतात बोलता येते आणि एरवी रहिवाशाच्या संमतीवाचून तो त्याची ओळख कोणापुढे उघड करू शकत नाही. तिथली नर्सिंग होम्स आदर्श आहेत असे मुळीच नाही. पण निदान दार वाजवणारा एक परका माणूस कायद्याने नेमलेला आहे. इंग्लंडमध्ये निर्णयक्षमता गमावलेल्या आणि जवळचे कोणीच नसलेल्या माणसाला कुठे हलवायचे, कोणता मोठा उपचार करायचा, हे ठरवताना स्वतंत्र प्रतिनिधी द्यावा लागतो. आणि आपल्याकडे? व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा.

मला नवा बंगला, नवी योजना, ज्येष्ठ नागरिक दिनाचे पुष्पगुच्छ यांतले काही नको. सेंटरकडून किंवा मुलाकडून एक रुपयाही न घेणारा, न सांगता आत जाऊ शकणारा, दार लावून आत्याशी बोलणारा आणि बांधल्याची नोंदवही मागणारा एक माणूस हवा. तसा माणूस नेमणारा कायदा व्हायचा तेव्हा होईल; तोवर महापालिकेने १९४९ च्या कायद्याने आपल्या हातात असलेला तपासणीचा अधिकार वापरावा. त्यावर "मनुष्यबळ नाही" हेच उत्तर मिळणार, हे मला माहीत आहे. त्याच बंगल्याचा वापर निवासी आहे की व्यावसायिक, हे मालमत्ता करासाठी ठरवायचे असते तेव्हा मात्र महापालिकेचा माणूस बरोबर दारात उभा राहतो.