नवोन्मेष भाड्याने देणे आहे

तुमच्या विद्यापीठाच्या मागच्या अंगाला मोकळी जमीन आहे का? शहराच्या गजबजाटापासून लांब, गवत माजलेली, एका बाजूला महामार्ग आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम भाड्यात राहणाऱ्या माणसांची वस्ती? मग अभिनंदन. इनोव्हेशन डिस्ट्रिक्ट, म्हणजे विद्यापीठ, कंपन्या आणि नवे उद्योग एकत्र नांदवणारा परिसर, उभा करायला जे लागतं ते तुमच्याकडे आहे. संशोधक, कल्पना, भांडवल वगैरे किरकोळ गोष्टी आराखड्यात रंगवून घेता येतात.

सुरुवात नावापासून करा. नाव ठरेपर्यंत दुसरं काही करू नका. नाव ठरल्यावर दुसरं काही करायची फारशी निकडही उरत नाही. कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅलीच्या चालीवर ‘सिलिकॉन’ हा शब्द पुढे जोडणं ही जुनी, खात्रीची रीत. स्कॉटलंडनं सिलिकॉन ग्लेन केलं, इंग्लंडातल्या केंब्रिजच्या पाणथळ मुलखानं सिलिकॉन फेन, न्यूयॉर्कनं सिलिकॉन अ‍ॅली, आणि लंडननं तर चक्क रहदारीच्या एका वर्तुळाला सिलिकॉन राउंडअबाउट म्हणवून घेतलं. यांतल्या काही ठिकाणी खरोखर मोठी कामं झाली. ती नावामुळे झाली असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही, पण नावामुळे झाली नाहीत असंही कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि सादरीकरणाला एवढा आधार पुरतो.

मग चित्र काढून घ्या. काचेची इमारत, गच्चीवर हिरवळ, सायकलवरून जाणारी तरुणी, एका लॅपटॉपभोवती हसत उभी असलेली चार माणसं. लॅपटॉपवर इतकं हसण्यासारखं काय असतं ते कळत नाही, पण ती हसलीच पाहिजेत. चित्रात एकही मोटार नको. वाहनतळ इमारतीपेक्षा मोठा असला तरी तो चित्राच्या चौकटीबाहेर ठेवायचा असतो. मेट्रोची रेघ तुटक रेषेत दाखवा. जपाननं सुकुबा विज्ञाननगरी उभारायचं १९६३ साली ठरवलं, टोकियोतल्या सरकारी संशोधन संस्था तिकडे हलवल्या, १९७३ मध्ये विद्यापीठ उभं केलं, आणि टोकियोहून थेट रेल्वे सुरू झाली २००५ मध्ये. मधल्या काळात शास्त्रज्ञांना चिंतनासाठी लागणारा एकांत मुबलक मिळाला असणार. तेव्हा तुटक रेषेला हसू नका, तिच्यामागे परंपरा आहे.

आता इतिहास. सल्लागार तुम्हाला सिलिकॉन व्हॅलीच्या मुळाशी असलेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाची गोष्ट सांगेल. तीच पुढे विद्यापीठाच्या मंडळाला सांगा, पण अर्धीच. सांगायची बाजू अशी: फ्रेडरिक टर्मन नावाचे दूरदर्शी अधिष्ठाता होते, १९५१ मध्ये विद्यापीठाच्या जमिनीवर औद्योगिक पार्क सुरू झालं, व्हेरियन असोसिएट्स ही कंपनी पहिली आली, मग ह्युलेट-पॅकार्ड आली, आणि पुढे जे झालं ते जग जाणतं. एवढं बोलून थांबायचं आणि पाण्याचा घोट घ्यायचा.

न सांगायची बाजू जरा लांब आहे. संस्थापकांच्या अटींमुळे स्टॅनफर्डला आपली जमीन विकता येत नव्हती. जमीन मैलोगणती, हातात पैसा थोडा. म्हणून लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याची युक्ती निघाली, नव्व्याण्णव वर्षांपर्यंतची. म्हणजे ज्याला आज आपण द्रष्टेपण म्हणतो त्यात जमीनदाराची अडचणही मिसळलेली होती. शिवाय काळ शीतयुद्धाचा. सूक्ष्मलहरींच्या नळ्या आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं घेणारं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे अमेरिकी लष्कर, आणि ते भावासाठी फारशी घासाघीस करत नव्हतं. सरकारी पैसा वर्षानुवर्षं, न कंटाळता येत राहिला. खासगी उद्यमशीलतेच्या भाषणात हा तपशील बेसूर लागतो, म्हणून गाळा.

त्याहून गैरसोयीची गोष्ट पुढे आहे. विल्यम शॉक्ली यांनी १९५६ मध्ये शेजारच्या माउंटन व्ह्यूमध्ये अर्धवाहकांची प्रयोगशाळा काढली. माणूस नोबेल विजेता, पण हाताखाली काम करणं असह्य. दुसऱ्याच वर्षी त्यांचे आठ सहकारी एकदम सोडून गेले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर सुरू केली. पुढे फेअरचाइल्ड सोडून गेलेल्यांनी आपापल्या कंपन्या काढल्या, इंटेल त्यांपैकीच. हे निमूटपणे घडू शकलं, कारण ‘नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जाणार नाही’ अशा कराराला कॅलिफोर्नियाचा कायदा १८७२ पासून जवळजवळ किंमतच देत नाही. शुक्रवारी राजीनामा, सोमवारी रस्त्यापलीकडे नवी खुर्ची. बोस्टनभोवतीच्या १२८ क्रमांकाच्या रस्त्यालगतही हुशार माणसं, उत्तम विद्यापीठं आणि लष्कराचा पैसा होता. पण बोस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्समधली न्यायालयं असे करार बऱ्यापैकी मानत. हाच एक फरक निर्णायक होता असं म्हणणं अतिरेकी ठरेल, पण तो लहानही नव्हता.

तेव्हा माणसं सोडून जाण्यातून हा सगळा डोलारा उभा राहिला असेल, तर तुम्ही काय कराल? अर्थातच, कुणालाही सोडून जाता येणार नाही अशी व्यवस्था कराल. इन्क्युबेटरच्या, म्हणजे नवख्या कंपन्यांना जागा आणि मदत देणाऱ्या केंद्राच्या, दारातच गोपनीयतेचा करार, स्पर्धाबंदीचा करार आणि ‘या आवारात सुचलेलं सर्व काही विद्यापीठाचं’ असा जाहीरनामा सहीसाठी ठेवा. सुचण्याच्या वेळा कार्यालयीन धरायच्या की चोवीस तास, हे विधी विभाग ठरवेल.

विधी विभागावरून आठवलं, तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालय काढायला विसरू नका. अमेरिकेत १९८० मध्ये बे-डोल कायदा झाला, सरकारी पैशातून झालेल्या शोधांचे हक्क विद्यापीठांना स्वतःकडे ठेवता येऊ लागले, आणि तेव्हापासून प्रत्येक कुलगुरूला स्वप्नात पेटंट दिसतं. तुमच्या स्लाइडवर दोन आकडे ठळक हवेत. डीएनए जोडण्याच्या कोहेन-बॉयर पद्धतीच्या पेटंटांनी स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाला मिळून सुमारे २५ कोटी डॉलर दिले. गुगलमधले समभाग विकून स्टॅनफर्डला सुमारे ३३ कोटी ६० लाख डॉलर मिळाले. बहुतेक विद्यापीठांत हे कार्यालय स्वतःचा खर्चही भरून काढत नाही, ही तिसरी ओळ छोट्या अक्षरांत टाका किंवा वेळेअभावी वगळा. कार्यालयात एक वकील नेमा आणि त्याच्याकडे सगळ्या विभागांच्या फायली पाठवा. प्राध्यापकाच्या शोधात हिस्सा कुणाचा किती, यावर इतका सखोल विचार व्हावा की तो शोध लावणारा विद्यार्थी पदवी घेऊन दुसऱ्या गावी नोकरीला लागलेला असावा. त्यानंतर हिस्सा वाटणं सोपं जातं.

इमारतींबाबत एक धोका लक्षात ठेवा: स्वस्त जागा. एमआयटीच्या आवारात १९४३ मध्ये रडारच्या संशोधनासाठी घाईघाईनं एक लाकडी इमारत बांधली. इमारत क्रमांक २०. युद्ध संपल्यावर पाडायची होती. पाडली १९९८ मध्ये. मधल्या पंचावन्न वर्षांत तिथे अणुविज्ञानापासून ध्वनिशास्त्रापर्यंत आणि भाषाशास्त्रापर्यंत कायकाय झालं. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांची खोली तिथेच होती. उन्हाळ्यात उकडायचं, हिवाळ्यात गारठायचं, खिडक्या धड लागत नसत. पण तार न्यायची असेल तर माणसं भिंतीला सरळ भोक पाडत आणि कुणी परवानगी विचारत नसे, कारण त्या भिंतीची कुणाला पर्वाच नव्हती. निरनिराळ्या विषयांचे लोक शेजारीशेजारी आले तेही कुठल्या धोरणानं नव्हे. ज्यांना दुसरीकडे जागा मिळाली नाही त्यांना तिथे ढकललं होतं.

अशी इमारत तुमच्या नजरेस पडली तर आधी बुलडोझर बोलवा. तिच्या जागी मोठा अंगणवजा दिवाणखाना आणि रुंद जिना बांधा, आणि त्याला ‘अनपेक्षित भेटींचं केंद्र’ म्हणा. भेटींसाठी आगाऊ आरक्षण ठेवा. भिंतीला खिळा मारायचा असल्यास तीन प्रतींत अर्ज.

इमारत झाली की भाडेकरू. संगणकावर दोन पोरं खोलीत काहीतरी करत बसलीत, अशांना जागा देऊ नका. त्यांच्याकडे मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद नसतात. ताळेबंद असतात विमा कंपनीकडे, बँकेच्या हिशेब विभागाकडे, मोठ्या वकिली फर्मकडे. त्यांना दोन-दोन मजले द्या आणि दारावर ‘लॅब’ अशी पाटी लावा. उरलेला मजला विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी कक्षाला देऊन टाका. शहराच्या दुसऱ्या टोकाहून इकडे हललेले कर्मचारी ‘नव्यानं निर्माण झालेल्या रोजगारां’त मोजा. तिकडे कमी झालेले मोजायचं काम तिकडच्या लोकांचं. सामंजस्य करार मात्र भरपूर करा. कराराला खर्च नाही, जबाबदारी नाही, आणि छायाचित्र उत्तम येतं.

राहायच्या घरांचा प्रश्न कुणी काढला तर नॉर्थ कॅरोलायनाचा दाखला द्या. तीन विद्यापीठांच्या मधल्या पाइनच्या जंगलात १९५९ मध्ये रिसर्च ट्रँगल पार्क सुरू झालं. आज ते सुमारे ७ हजार एकर आहे, आणि कित्येक दशकं त्या हद्दीत माणसाला राहायलाच मनाई होती. सकाळी मोटारीनं यायचं, आपल्याच कंपनीच्या कँटीनमध्ये जेवायचं, संध्याकाळी मोटारीनं जायचं. शेजारच्या इमारतीत कोण काय करतंय याचा पत्ता नाही. अर्धशतकानंतर त्यांना सुचलं की मधोमध घरं, दुकानं आणि चालायला रस्ता हवा, आणि आता ते बांधताहेत. तुम्ही ही चूक पहिल्यापासून करू शकता, कारण तुमच्याकडे त्यांचा अनुभव आहे.

पलीकडच्या वस्तीसाठी एक संवादसभा घ्या, दुपारी, कामाच्या दिवशी. त्यांना सांगा की हा प्रकल्प सर्वसमावेशक आहे. भाडी वाढतील, मग वस्तीतली माणसं आणखी दोन थांबे लांब राहायला जातील, आणि पहाटेच्या बसनं तुमच्या काचा पुसायला परत येतील. म्हणजे नातं तुटत नाही. काही वर्षांनी नव्यानं रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकांनाही तीच बस घ्यावी लागेल. ज्ञान आणि श्रम यांची देवाणघेवाण म्हणतात ती कदाचित तिथे होईल. खरं सांगायचं तर अनपेक्षित भेटींसाठी तुमच्या त्या रुंद जिन्यापेक्षा ही बस बरी.

सगळ्यांत नाजूक भाग वेळापत्रकाचा. रिसर्च ट्रँगल पार्कची बरीचशी जमीन पहिली सहा वर्षं रिकामी पडून होती. आयबीएम आली १९६५ मध्ये, तेव्हा कुठे पार्क चालवणाऱ्यांच्या जिवात जीव आला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजनं १९७० मध्ये विज्ञान पार्क जाहीर केलं, पहिली कंपनी १९७३ मध्ये आली. ट्रिनिटीला घाई नव्हती. आठव्या हेन्रीनं १५४६ मध्ये कॉलेज स्थापलं तेव्हापासून ती जमीन त्यांच्याकडे होती. मध्ये दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानं तिथे रणगाडे ठेवले, नंतर ती नुसतीच पडून होती. ज्याला चार शतकं वाट पाहायची सवय आहे त्याला तीन वर्षं काय!

कुलगुरू म्हणून तुमची मुदत मात्र पाच वर्षांची. त्यामुळे हिशेब आत्ताच मांडून घ्या. पहिलं वर्ष नाव आणि अभ्यासदौरा, दुसरं कोनशिला, तिसरं वाढीव खर्चाला मंजुरी, चौथं फीत कापणं, पाचवं पुरस्कार स्वीकारणं आणि दुसऱ्या टप्प्याची घोषणा. भाडेकरू शोधणं आणि कर्जाचा पहिला हप्ता सहाव्या वर्षात बसवा. आणि निरोपाच्या भाषणात, पुढच्या कुलगुरूंकडे पाहत, पाया भक्कम घातला आहे असं जरूर म्हणा. बांधकाम विभागाकडून तेवढं आधी विचारून घ्या.