साठ पिनांची कॅसेट

आमच्या लातूरच्या शाळेतल्या दहावीच्या तुकडीचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. एरवी त्यावर सुप्रभात, वाढदिवस आणि मांजरा धरणातला पाणीसाठा यांपलीकडे फारसे काही येत नाही. गेल्या दिवाळीत मात्र पुण्यात स्थायिक झालेल्या एका वर्गमित्राने जपानहून मागवलेल्या जुन्या फॅमिकॉमचे, म्हणजे टीव्हीला जोडायच्या निन्टेंडोच्या जपानी गेम-यंत्राचे, छायाचित्र टाकले आणि खाली लिहिले की, लहानपणी आपण जे खेळलो ते सगळे डुप्लिकेट होते. ज्या देशाचा गेम त्याच देशाच्या यंत्रावर खेळला तर तो खरा, आणि तो खरा गेम आपण आता कुठे खेळतो आहोत. त्याखाली भराभर अंगठे उमटले. ओसाकात रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते आणि सकाळी आठच्या आत प्लास्टिकचा कचरा खाली न्यायचा होता, तरीही मी तासभर उत्तर लिहीत आणि खोडत बसलो, आणि शेवटी काहीच न पाठवता झोपलो.

'डुप्लिकेट' हा शब्द मला झोंबला, कारण तो अर्धाच खरा आहे. आमच्याकडचे यंत्र नकली होते, कॅसेटी चोरीच्या होत्या, हे मी नाकारत नाही. पण आम्ही ज्याला नुसते 'टँक' म्हणत असू तो गेम म्हणजे 'बॅटल सिटी'. नामको कंपनीने तो १९८५ मध्ये फॅमिकॉमसाठी काढला, आणि निन्टेंडोच्या अमेरिकी यंत्रासाठी तो त्या काळात निघालाच नाही. म्हणजे गंजगोलाईतल्या एका दुकानातून आम्ही रोजाच्या भाड्याने जी पिवळी कॅसेट आणत होतो, तिच्यातला गेम अमेरिकेतल्या मुलाला त्याच्या बाजारात मिळत नव्हता. शिवाय आमच्या यंत्राची खाच साठ पिनांची होती. जपानी फॅमिकॉमची कॅसेट साठ पिनांची असते, अमेरिका आणि युरोपातली बहात्तर पिनांची. वर्गमित्राने आज पैसे मोजून जी खाच विकत घेतली आहे, नेमकी तीच खाच १९९४ मध्ये आमच्या दिवाणखान्यात टीव्हीखाली होती, आणि तिच्यावर आईने विणलेला रुमाल घातलेला होता.

ती तिथवर पोहोचली याला कारण आहे. १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम जपानात आले तेव्हा त्यात परक्या कॅसेटी अडवणारी चीप नव्हती. त्याच सुमारास अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता, म्हणून १९८५ मध्ये तिकडे यंत्र उतरवताना निन्टेंडोने त्यात कुलूप बसवले; कॅसेटीतली चीप आणि यंत्रातली चीप यांची ओळख पटली नाही, तर यंत्र पुन्हापुन्हा शून्यापासून सुरू होत राही. जपानी यंत्राला हे कुलूप नसल्यामुळे त्याच्या नकला करणे सोपे गेले, आणि त्यांतली एक हैदराबादच्या आबिद्समधून वडिलांच्या पिशवीत बसून लातूरला आली. निजामाचे राज्य १९४८ ला संपले असले, तरी मोठी खरेदी म्हटली की आमच्या घराचे तोंड त्या काळीही हैदराबादकडेच असे.

ज्या गावाने राज्याला 'लातूर पॅटर्न' दिला, त्या गावात हे यंत्र घरात असणे म्हणजे मुलगा हातचा गेल्याची खूण होती. शेजारच्या काकू येऊन आईला तसे सांगून जात. आईची चिंता निराळी होती. "किती खेळायलास रे? टीव्हीची ट्यूब जाईल की!" असे ती स्वयंपाकघरातून ओरडायची, आणि ट्यूब जायच्या आधी वीज जायची. 'बॅटल सिटी'त पस्तीस टप्पे आहेत आणि कुठवर पोहोचलो ते साठवून ठेवायची सोय नाही, त्यामुळे उन्हाळ्याच्या भारनियमनात आम्ही शेवटापर्यंत क्वचितच गेलो. गेममध्ये स्वतःचा नकाशा बांधायचीही सोय होती. तळाशी मधोमध जो गरुड शत्रूपासून राखायचा असतो, त्याला आम्ही कोंबडी म्हणत असू. तिच्याभोवतीच्या विटा काढून तिथे पोलादाचे पांढरे ठोकळे बसवायचे आणि मग शत्रूचे रणगाडे बाहेर नुसते डोके आपटत आहेत हे मांडी घालून पाहायचे, हा आमचा खरा खेळ. यात खोटे काय होते, ते मला अजून कळलेले नाही.

आता त्याच्या अस्सल यंत्राकडे वळतो. मूळ फॅमिकॉम टीव्हीला अँटेनाच्या वायरीतून जोडावे लागे, आणि त्याचे चित्र जपानी टीव्हीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या चॅनेलवर येई. हे चॅनेल ९० ते १०२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात होते, म्हणजे आपल्याकडे जिथे एफएम रेडिओ वाजतो तिथे; आपला टीव्ही सहसा तिथे लागत नाही. म्हणून त्याच्या यंत्राला, त्याने स्वतःच पुढे अभिमानाने लिहिल्याप्रमाणे, विकणाऱ्याने आतून डाग देऊन एव्हीची वायर बाहेर काढून दिली आहे. अडॅप्टरही जपानी नाही, कारण जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो. उघडलेले, डागलेले आणि परक्या विजेवर चालणारे यंत्र अस्सल, आणि आमचे डुप्लिकेट. ही शुद्धता मला विटाळाच्या जुन्या कल्पनांची आठवण करून देते, पण ते असो.

'ज्या देशाचा गेम त्याच देशाच्या यंत्रावर' हा नियम गेम विकणाऱ्यांनी तरी कुठे पाळला? १९८५ मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या 'जायरोमाइट' या गेमच्या सुरुवातीच्या कॅसेटी उघडल्या, तर काहींच्या पोटात जपानी फॅमिकॉमचीच साठ पिनांची पट्टी आणि तिला बहात्तर पिनांत बसवणारा जोड सापडतो. फॅमिकॉमनंतर आलेल्या सुपर फॅमिकॉमच्या अमेरिकी भावंडाच्या खाचेत प्लास्टिकचे दोन दात ठेवले होते, तेवढ्याने जपानी कॅसेट आत जात नसे. ज्यांनी पक्कड घेऊन ते दात मोडले त्यांचे गेम चालू लागले. युरोपात तर रीतसर पैसे भरून घेतलेले कित्येक गेम तिथल्या (आणि आपल्याकडच्याही) पाल पद्धतीच्या टीव्हीवर सहाव्या हिश्श्याने संथ चालत, आणि चित्राच्या वर-खाली काळे पट्टे दिसत. तिथली मुले ते दुकानाची पावती हातात घेऊन सहन करत होती.

माझी बाजू इथे जरा लंगडी पडते, हे मला मान्य करायला हवे. कारण अस्सलपणाचा ताठा मीही मिरवला आहे. २०१५ च्या दिवाळीत मी भाच्यांसाठी सुपर फॅमिकॉम घेऊन लातूरला गेलो. 'जपानची वस्तू तीस वर्षे चालते' यावर आल्यापासून माझे प्रवचन सुरू होते, आणि त्या भरात मी १०० व्होल्टचा अडॅप्टर, नुसती पिन बदलून, २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये खोचला. यंत्राचे बटण दाबायच्या आधीच खोलीत जळका वास पसरला. वडिलांनी पेपर खाली न करता विचारले, "जपानची आहे म्हणालास ना?"

गंजगोलाईजवळ टीव्ही दुरुस्तीचे एक दुकान अजून तग धरून आहे. तिथल्या माणसाने मीटर लावला, यंत्राच्या पाठीवरचे चिन्ह बॅटरीच्या उजेडात न्याहाळले आणि म्हणाला, "साहेब, ही पिन उलटी हाय. आत मायनस, भाईर प्लस." खणातून नऊ व्होल्टचा जुना अडॅप्टर काढून त्याने वायर कापली, टोके उलटी जोडली, त्यावर काळी पट्टी गुंडाळली आणि साठ रुपये घेतले. घरचा एलईडी टीव्ही आपली पाल आणि जपानची एनटीएससी अशा दोन्ही पद्धती ओळखत होता, त्यामुळे चित्र रंगीत आले आणि भाचे ओरडले. ओसाकात मी हेच काम घेऊन कुणाकडे गेलो असतो, तर मला अतिशय वाकून, अतिशय नम्रपणे परत पाठवले असते. फॅमिकॉमची अधिकृत दुरुस्ती २००७ मध्येच बंद झाली आहे. इथल्या शिस्तीचे गोडवे मी लातूरला गातो आणि लातूरच्या त्या दुकानाचे इथे. दोन्हीकडचे ऐकणारे माझ्याकडे एकाच नजरेने पाहतात.

'बॅटल सिटी' मी इथे पहिल्यांदा विकत घेतली ती निप्पोनबाशी या ओसाकाच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात, जंकच्या पेटीतून. इथल्या जंकच्या पेटीतही शिस्त असते: प्रत्येक कॅसेट प्लास्टिकच्या पिशवीत, आणि वर दोषाची चिठ्ठी. माझ्या कॅसेटीच्या चिठ्ठीवर 'नाव लिहिलेले' एवढाच दोष नोंदवला होता. मागच्या बाजूला काळ्या मार्करने, हिरागाना लिपीत, कुण्या मुलाने आपले नाव लिहिले होते. शेवटचे अक्षर जागा न उरल्यामुळे कोपऱ्यात चिमटले गेले होते. त्या नावापायी किंमत निम्मी झाली होती. आमच्या कॅसेटींवर नाव नसायचे, दुकानाचा जांभळा शिक्का असायचा.

घरी येऊन ती लावली आणि चौथ्या टप्प्यावर हरलो. पुन्हा लावली, पुन्हा हरलो. सुरुवातीची धून ऐकतानाच काहीतरी चुकते आहे असे वाटत होते. आमचे यंत्र पाल पद्धतीचे होते, सेकंदाला पन्नास चित्रे देणारे. जपानी यंत्र साठ देते. पाल पद्धतीच्या त्या नकलांमध्ये सूर जवळजवळ तोच राहतो, लय मात्र उतरते. लातूरला मी हा गेम विलंबितात शिकलो होतो आणि इथे तो ज्या लयीत बांधला गेला त्या लयीत चालला होता. म्हणजे या एका बाबतीत वर्गमित्राचे म्हणणे खरे होते, आणि कदाचित त्यामुळेच मला त्याचा एवढा राग आला. माझा मुलगा तिसरीत आहे, मराठी बोलताना क्रियापदापाशी थबकतो. त्याने शेजारी बसून थोडा वेळ पाहिले आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही उशिरा दाबता."

पुढच्या खेपेला लातूरच्या माळ्यावरून मी जुने यंत्र काढले. ते सुरू झाले, यात माझे कौतुक नाही. मुलगा दुसऱ्या खेळाडूच्या जागी बसला, दोन टप्पे खेळला आणि तक्रार करू लागला की याला झोप आली आहे, याला काहीतरी झाले आहे. मी तेरा टप्पे सलग पार केले. अंगठा आपोआप चालत होता. आई दारात येऊन उभी राहिली आणि या वेळी ट्यूबबद्दल काही बोलली नाही, कारण नव्या टीव्हीला ट्यूबच नाही. मुलाला ओसाकाला परतायचे होते. ते तो दिवसातून दोनदा सांगत होता. मला परतायचे होते की नाही, ते मला कुणी विचारले नाही आणि मीही कुणाला सांगितले नाही.

वर्गमित्राने नंतर मला वेगळा निरोप पाठवला की, तिकडे स्वस्तात मिळत असेल तर 'बॅटल सिटी'ची कोरी, नाव न लिहिलेली कॅसेट पाठव, पैसे लगेच देतो. मी निप्पोनबाशीला जाऊन ती घेतली. पाकिटावर पत्ता लिहून झाला आहे, जकातीचा कागदही भरला आहे. तीन महिने झाले, पाकीट अजून जेवणाच्या टेबलावर आहे, आणि गटावर त्याने विचारले की मी सांगतो, इकडून टपालाला हल्ली फार वेळ लागतो.