४२० किलोमीटर हे रेल्वेचे अंतर आहे

जळगाव-मुंबई विमानसेवेवरील लेखात या दोन शहरांमधले हवाई अंतर ४२० किलोमीटर दिले आहे, तो आकडा खरे तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतच्या लोहमार्गाचा आहे. रूळ चाळीसगाव, मनमाड, नाशिक असे वळत जाऊन कसारा घाट उतरतात. दोन्ही विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढलेले सरळ अंतर मात्र सुमारे ३५५ किलोमीटर, म्हणजे साधारण १९२ सागरी मैल भरते.

एटीआर ७२ सारखे पंख्याचे विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडते, त्या हिशेबाने हा प्रवास पाऊण तासाच्या आतच व्हायला हवा. तरीही वेळापत्रकात तासाहून अधिक वेळ धरतात, कारण त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि उतरण्याची पाळी येईपर्यंत थांबणे हे सारे येते. शिवाय मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत.

आम्हा धुळेकरांचे गणित तर आणखीच वेगळे आहे. मुंबई नैर्ऋत्येला असूनही आम्ही आधी नव्वदेक किलोमीटर पूर्वेला जळगाव गाठायचे, तिथे तासभर आधी पोहोचून बसायचे आणि मग पुन्हा नैर्ऋत्येकडेच उडायचे. त्यामुळे लेखातल्या ‘घरापासून अडीच तासांत मुंबई’ या विधानापुढे ‘फक्त जळगाव शहरातील प्रवाशांसाठी’ एवढे शब्द जोडावेत, ही विनंती.