बोस्टन मान्य, पण चार्ल्सटनचं काय?

नमस्कार,

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेतले पोलीस गुलामांवरच्या गस्तीतून, म्हणजे गुलामांवर नजर ठेवणाऱ्या, त्यांना पकडणाऱ्या टोळ्यांतून आले हे मी ठोकून दिलंय, खरं तर ते लंडनच्या 1829 च्या पोलिसांवर बेतलेले होते. शिवाय हे तिकडच्या आंदोलनांचं फॅड आहे, आणि तुमचे वडील हवालदार होते, त्यांच्या खाकीवर मी उगाच शिंतोडे उडवतोय.

पहिल्या मुद्द्यात तुमचं निम्मं बरोबर आहे. ‘अमेरिकेतले पोलीस’ असं सरसकट लिहायला नको होतं. बोस्टनला 1838 मध्ये आणि न्यूयॉर्कला 1845 मध्ये पोलीस आले ते दंगली, वाढती वस्ती, रात्रीच्या रखवालदारांचा ढिसाळपणा अशा वेगळ्याच कटकटींमुळे. लेखात आता ‘दक्षिणेतले’ हा शब्द घातला आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेत, जिथे गुलामगिरी होती, तिथे मात्र तुमच्या तारखा उपयोगी पडत नाहीत. तिथल्या दक्षिण कॅरोलायनाचा गस्तीचा कायदा 1704 चा. इकडे ताराबाई औरंगजेबाशी झुंजत होत्या तेव्हाचा! भाताच्या मळ्यांमुळे तिथे थोड्याच वर्षांत काळे गुलाम गोऱ्यांपेक्षा जास्त झाले, आणि मालकांच्या पोटात गोळा आला. 1739 मध्ये तिथल्या स्टोनो नदीकाठी गुलामांचा उठाव झाला. पुढच्याच वर्षी कायदा आवळला गेला: मालकाच्या चिठ्ठीशिवाय बाहेर सापडलेल्या गुलामाला 20 फटक्यांपर्यंत मार, आणि गुलामाला लिहायला शिकवणाऱ्याला दंड. तिथल्याच चार्ल्सटन शहरात तर अठराव्या शतकाच्या अखेरीस गणवेशातले, बंदूकधारी शिपाई रात्री फेऱ्या मारत होते. लंडनच्या पोलिसांचा तेव्हा पत्ता नव्हता. रात्रीची घंटा झाली की रस्त्यात दिसलेल्या काळ्या माणसाला हटकायचं, कागद मागायचा, नसला तर आत टाकायचं, हे चार्ल्सटनच्या या शिपायांचं मुख्य काम.

त्या शहरातले तांब्याचे बिल्ले आजही संग्रहालयांत आहेत. मालक आपला गुलाम दुसऱ्याकडे कामाला भाड्याने द्यायचा, तेव्हा नगरपालिकेला पैसे भरून हा बिल्ला घ्यावा लागे. तळहातात मावेल एवढा पत्रा, त्यावर शहराचं नाव, वर्ष, क्रमांक आणि काम: हमाल, नोकर, कोळी. माणसाचं नाव नाही.

लिहायला शिकवण्याची एवढी भीती का, ते फ्रेडरिक डग्लस या गुलामगिरीतून निसटून पुढे लेखक झालेल्या माणसाच्या आठवणींतून कळतं. 1836 मध्ये मेरीलँडमध्ये त्याने साथीदारांसह पळायचा बेत केला. तो चोरून लिहायला शिकलेला, त्यामुळे मालकाच्या नावाने सगळ्यांच्या चिठ्ठ्या त्यानेच लिहिल्या. बेत फुटला. डग्लसने आपली चिठ्ठी गुपचूप चुलीत सारली. बांधून तुरुंगाकडे नेत असताना हेन्री नावाच्या साथीदाराने विचारलं, माझ्या चिठ्ठीचं काय करू? डग्लस म्हणाला, बिस्किटाबरोबर खाऊन टाक. पुरावाच पोटात गेला.

गुलामगिरी 1865 मध्ये संपली, कागद मागणं संपलं नाही. मिसिसिपीने त्याच वर्षी कायदा केला की मुक्त झालेल्या काळ्यांनी दर जानेवारीत नोकरीचा लेखी पुरावा दाखवावा. नसेल तर भटका म्हणून अटक, दंड. आणि दंड भरता आला नाही की जो तो भरेल त्याच्याकडे राबायचं. राबवून घेणारा पुष्कळदा जुनाच मालक! कैदी भाड्याने देण्याची पद्धत तर अलाबामात 1928 पर्यंत चालली. म्हणून लंडनहून पोलिसांची टोपी कुणी आणली यापेक्षा रस्त्यात कुणाला हटकायचं हे कुणी ठरवलं, याचा शोध मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

फॅडबद्दल एवढंच, की जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ 1873 मध्ये अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. मराठी माणसाने तिकडे बघायला सुरुवात केली त्याला दीडशे वर्षं झाली.

आता वडिलांबद्दल. त्यांच्याविषयी मी काहीच लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. पण त्यांच्या खात्याचा धागाही सरळ लंडनला जात नाही. लंडनचे 1829 चे पोलीस उभारणारे रॉबर्ट पील आधी आयर्लंडच्या कारभारात होते, आणि तिथली अशांतता दडपायला 1814 मध्ये त्यांनी वेगळं दल उभारलं. पुढे त्या बेटावर जे सशस्त्र दल झालं त्याचा नमुना सिंध जिंकणारा इंग्रज सेनापती नेपियर याने 1843 मध्ये तिथे उचलला, आणि तिथून तो मुंबई इलाख्यात आला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर आपल्या देशातही काही जमातींवर पोलिसांपुढची हजेरी आणि पास आलाच. पारध्यांच्या, कैकाड्यांच्या घरांत ‘हजेरी’ हा शब्द शाळेच्या अर्थाने रुळलेला नव्हता. वडिलांच्या नोकरीच्या काळात तो कायदा रद्द झालेला होता का, ते तुम्हीच सांगा. देशभरातून तो 1952 मध्ये गेला. त्यांनी हजेरीबद्दल घरी कधी काही सांगितलं असेल तर इथे जरूर लिहा.